दारावरची पाटी आणि घराण्याचा शोध

आपल्या न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहावे, अशी सूचना संपादक मंडळाने केली तेव्हा प्रथम संकोच वाटला. प्रस्तुत लेखक हा व्यवसायाने कापडाचा व्यापारी व शिक्षणाने वाणिज्य शाखेचा पदवीधर. इतिहासाचे रीतसर अध्ययन त्याच्या हातून घडलेले नाही. तथापि चाळीस-पंचेचाळीस वर्षे हिशेबाच्या वह्या लिहिल्यामुळे एक गोष्ट अंगवळणी पडली आहे. नोंद असेल तर व्यवहार सिद्ध होतो, नोंद नसेल तर उरते ती केवळ आठवण. घराण्याच्या इतिहासालाही हाच न्याय लागू पडतो, हे उमगण्यास मात्र मला साठी गाठावी लागली. आणि ते उमगले तेही परदेशात, एका मद्यगृहाच्या दाराशी.

काही वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये नोकरी करणाऱ्या मुलाकडे आम्ही उभयता गेलो होतो. एके दिवशी तो आम्हाला स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हन या गावी घेऊन गेला. शेक्सपिअरचे जन्मगाव म्हणून ते जगप्रसिद्ध आहे. तेथील हमरस्त्यावर गॅरिक इन नावाचा एक जुना पब आहे. पब म्हणजे मद्यगृह. ज्याचे नाव काढणेही आपल्या घरांत वर्ज्य. त्यामुळे मी बाहेरच उभा राहिलो. शेजारी लाकडी चौकटींची एक अरुंद, तीन मजली इमारत होती. तिच्या दर्शनी भागावरील कोरीवकामात काही अक्षरे दिसली : टी. आर., मध्ये १५९६ हे साल आणि पुढे ए. आर. मुलाला विचारले, तेव्हा त्याने शेजारची माहितीची पाटी वाचून सांगितले, "बाबा, ही अक्षरे घर बांधणाऱ्या नवरा-बायकोची आहेत. त्यांच्या नातवाच्या नावाने अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठ ओळखले जाते."

चारशे वर्षांपूर्वीच्या एका खाटकाचे व त्याच्या पत्नीचे नाव घराच्या तुळईवर टिकून आहे आणि मला मात्र माझ्या पणजोबांच्या वडिलांचे नावही ठाऊक नाही, या विचाराने मी त्या रात्री अस्वस्थ झालो. पुढील मुक्कामात, आणि परत आल्यावरही, या विषयावर मिळेल ते वाचत गेलो. त्यातून जे हाती आले ते सुज्ञ वाचकांपुढे ठेवीत आहे. विषय मद्यगृहांचा असला तरी आपल्याला घ्यावयाची आहे ती त्यातील नोंदीची शिस्त, हे प्रारंभीच नमूद करतो.

संशयातून जन्मलेली नोंद

इंग्लंडमध्ये पूर्वी अशा स्थळांचे तीन प्रकार मानले जात. प्रवाशांच्या मुक्कामाची व घोड्यांच्या तबेल्याची सोय असलेली सराई ती 'इन'. द्राक्षमद्य विकणारी ती 'टॅव्हर्न'. आणि साध्या घराच्या पडवीत घरगुती बिअर विकणारे ते 'एलहाउस'. पुढे या तिन्हींना मिळून पब हे नाव रूढ झाले. तेथील चालकास 'लँडलॉर्ड' म्हणतात. शब्दाचा अर्थ जागेचा मालक असा असला तरी अनेकदा तो मालक नसतो. इमारत जमीनदाराची किंवा मद्य गाळणाऱ्या कंपनीची असते आणि लँडलॉर्ड हा तिचा भाडेकरू व परवानाधारक असतो.

अक्षरओळख नसलेल्या प्रवाशांना सराई ओळखता यावी म्हणून दारावर चित्राची पाटी टांगण्याची रीत तेथे फार जुनी आहे. दुसऱ्या रिचर्ड राजाच्या कारकिर्दीत, १३९३ साली, अशी पाटी सक्तीची झाली असे सांगतात. पांढरे हरीण हे त्या राजाचे चिन्ह होते. आजही 'व्हाइट हार्ट' नावाचे पब इंग्लंडभर आढळतात.

तथापि घराण्यांच्या शोधास खरा उपयोग झाला तो १५५२ च्या कायद्याचा. एलहाउसमध्ये गुंड जमतात, जुगार चालतो, या भीतीने सहाव्या एडवर्ड राजाच्या कारकिर्दीत असा नियम झाला की, दोन स्थानिक दंडाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय कोणी एल विकू नये. आणि विकणाऱ्याने सद्वर्तनाचा जामीनकतबा लिहून द्यावा. या कतब्यात चालकाचे नाव व गाव येई आणि त्याच्यासाठी जामीन राहणाऱ्यांची नावेही येत. जामीन कोण राहतो? बहुधा भाऊ, मेहुणा, सासरा, शेजारी किंवा सह-व्यावसायिक. म्हणजे सरकारने संशयापोटी जे कागद करून घेतले, तेच आज त्या माणसांच्या वंशजांना नातेसंबंधांचा नकाशा म्हणून उपयोगी पडत आहेत. १५७७ साली डोव्हर बंदराच्या दुरुस्तीसाठी कर बसविण्याच्या हेतूने अशा सर्व स्थळांची मोजणी करण्यात आली, तीत अनेक परगण्यांतील चालकांची नावे कागदावर आली. १७५३ च्या कायद्याने जामीनकतब्यांची स्वतंत्र नोंदवही ठेवणे परगण्याच्या न्यायलेखनिकास बंधनकारक झाले. ती सक्ती १८२८ पर्यंत चालली.

१८३० मध्ये चक्र उलटे फिरले. जिनसारख्या कडक मद्यापासून लोकांना दूर न्यावे व बिअर स्वस्त व्हावी म्हणून कायदा करून, कर भरणाऱ्या कोणाही गृहस्थास केवळ दोन गिनी शुल्कावर अबकारी खात्याकडून बिअर विक्रीचा परवाना देण्यात येऊ लागला. पहिल्याच वर्षात वीस हजारांहून अधिक नवी बिअरगृहे उघडली. चांभार, सुतार, लोहार यांनी आपल्या घराच्या पुढील खोलीत पिंप ठेवले व दारावर नावाची पाटी लावली. १८६९ साली ही मोकळीक आवरून अधिकार पुन्हा दंडाधिकाऱ्यांकडे देण्यात आला आणि १८७२ च्या कायद्याने परवान्यांच्या नोंदवह्या सर्वत्र रीतसर होऊ लागल्या. कोणाचा परवाना कोणाकडे हस्तांतरित झाला, कोणावर दंड झाला, हे त्यांत तारीखवार सापडते. पुढे २००३ चा कायदा झाला व २००५ पासून हे काम नगर परिषदांकडे गेले. दारावर परवानाधारकाचे नाव रंगवण्याची जुनी रीत मात्र अनेक ठिकाणी अद्याप दिसते.

वास्तूकडून माणसाकडे

तेथील हौशी संशोधक आपल्या पूर्वजाचा शोध कसा घेतात, ते पाहण्याजोगे आहे. घरातील एखाद्या जुन्या पत्रात किंवा विवाहनोंदीत 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात 'व्हिक्चुअलर' म्हणजे खानपानगृहचालक असा उल्लेख मिळतो. इंग्लंडमध्ये जन्म, विवाह व मृत्यू यांची सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ पासून सुरू झाली आणि त्याआधी १५३८ पासून चर्चच्या दप्तरात बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदी ठेवण्याचा दंडक होता. व्यवसाय कळला की पत्ता शोधावयाचा. त्यासाठी पिगट, केली इत्यादी प्रकाशकांच्या व्यापारी निर्देशिका आहेत. त्यांत गावोगावच्या पबचे नाव व चालकाचे नाव छापलेले असते.

पत्ता मिळाला की खानेसुमारीचे कागद उघडावयाचे. तेथे दर दहा वर्षांनी खानेसुमारी होते आणि घरोघरीची माहिती शंभर वर्षांनी खुली केली जाते. १९२१ च्या खानेसुमारीचे कागद जानेवारी २०२२ मध्ये खुले झाले. १८४१ च्या खानेसुमारीत पंधरा वर्षांवरील व्यक्तींचे वय बहुधा पाचाच्या पटीत खाली उतरवून लिहिले आहे. अडतीस वर्षांचा मनुष्य तेथे पस्तीसचा दिसतो. १८५१ पासून मात्र कुटुंबप्रमुखाशी नाते व जन्मगाव असे रकाने आले. पबच्या बाबतीत हा कागद विशेष बोलका असतो. कारण त्या रात्री त्या छपराखाली असलेले सर्व जण, पत्नी, मुले, मोलकरीण, तबेल्यातील पोरगा, मुक्कामाला आलेला फेरीवाला, एकाच पानावर येतात.

मग वास्तूची पाळी येते. १६६२ ते १६८९ या काळात इंग्लंडमध्ये चुलीवर कर होता व १६९६ ते १८५१ पर्यंत खिडक्यांवर. चुलींच्या संख्येवरून सराई लहान होती की मोठी, याचा अंदाज बांधता येतो. कर चुकवण्यासाठी विटांनी बुजवलेल्या खिडक्या तर काही इमारतींत आजही दिसतात. १८३६ च्या कायद्यानंतर तयार झालेले दशमांश कराचे नकाशे, आगीच्या विम्याच्या नोंदवह्या, १९१० च्या सुमाराची जमीन-घरांची मूल्यांकन पाहणी, या सर्वांत इमारतीचा मालक व तिचा वापर करणारा ही दोन्ही नावे वेगवेगळी मिळू शकतात. व्यापाऱ्यास हे सांगणे नलगे, की मालक व कब्जेदार यांची गल्लत झाली तर सारा हिशेब चुकतो.

शेवटचे साधन म्हणजे स्थानिक वृत्तपत्रे. परवाना हस्तांतराच्या बैठका, लिलाव, दिवाळखोरी यांच्या बातम्या त्यांत येत. अपमृत्यूच्या चौकशाही एकेकाळी पबमध्येच भरत, कारण गावात दुसरी मोठी खोली नसे. १९०२ च्या कायद्याने, अन्य योग्य जागा उपलब्ध असेल तेथे ही प्रथा बंद केली.

या वाटेवर खाचखळगेही पुष्कळ आहेत. एकाच गावात एका नावाचे दोन पब असतात. पबचे नाव तेच राहते आणि इमारत मात्र रस्त्यापलीकडे हलते. घरांचे क्रमांक बदलतात. कंपनीच्या पबचे चालक दोन-चार वर्षांत गाव सोडून दुसरीकडे जातात. परवाना पतीच्या नावावर असतो, तो दिवसा सुतारकाम करतो व गल्ला पत्नी सांभाळते. पती निवर्तल्यानंतर परवाना विधवेच्या नावावर होतो, तेव्हा कोठे तिचे नाव प्रथमच कागदावर उमटते. म्हणून जाणकार सांगतात की, एका कागदावर विसंबू नये. निदान तीन स्वतंत्र नोंदी जुळाव्यात. आपल्या हिशेबतपासणीतही पावती, रोजमेळ व खतावणी जुळल्यावाचून रक्कम मान्य होत नाही.

साउथवर्कची एक पेठ

या पद्धतीचे उत्तम उदाहरण म्हणजे लंडनच्या टेम्स नदीपलीकडील साउथवर्क. पुलावरून दक्षिणेकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर सरायांची रांगच होती. जॉन स्टो या इतिहासकाराने १५९८ साली लंडनचे वर्णन लिहिले, त्यात टॅबर्ड, जॉर्ज, व्हाइट हार्ट, क्वीन्स हेड ही नावे आढळतात.

त्यांपैकी टॅबर्ड ही सराई चॉसर कवीच्या 'कँटरबरी टेल्स'मुळे अजरामर झाली. त्या काव्यातील यात्रेकरू तेथेच एकत्र येतात आणि सराईचा चालक हॅरी बेली हाच त्यांचा सूत्रधार होतो. हे पात्र काल्पनिक असावे, असे वाचकास वाटते. परंतु १३८०-८१ च्या साउथवर्कच्या करयादीत हेन्री बेलिफ नावाचा सराईचालक व त्याची पत्नी ख्रिश्चन यांची नोंद आहे, आणि त्याच नावाचा गृहस्थ १३७६ व १३७८ च्या पार्लमेंटमध्ये साउथवर्कचा प्रतिनिधी होता. कवीने ज्याला अमर केले, त्याला इतिहासात जागा मिळवून दिली ती एका कराच्या यादीने. टॅबर्डची इमारत मात्र राहिली नाही. १८७३ मध्ये ती पाडण्यात आली. जॉर्ज ही सराई १६७६ च्या आगीत जळून लगेच पुन्हा उभी राहिली. १८८९ मध्ये रेल्वे कंपनीने तिच्या दोन बाजू पाडल्या, उरलेली एक बाजू १९३७ साली नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या स्वाधीन झाली आणि म्हणून लाकडी सज्ज्यांची ती वास्तू आज पाहावयास मिळते.

आता स्ट्रॅटफर्डच्या त्या घराकडे वळू. जॉन हार्वर्ड हे १६३७ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथे गेले व दुसऱ्याच वर्षी क्षयाने मरण पावले. मरताना त्यांनी आपली निम्मी संपत्ती, सुमारे ७८० पौंड, आणि सुमारे ४०० ग्रंथ नव्या महाविद्यालयास दिले, म्हणून १६३९ मध्ये त्या महाविद्यालयास त्यांचे नाव मिळाले. एवढ्या थोर दात्याचे आईवडील कोण, जन्मगाव कोणते, हे पुढे जवळजवळ अडीचशे वर्षे कोणालाही सांगता येत नव्हते. १८८० च्या दशकात हेन्री वॉटर्स या अमेरिकन वंशावळ-अभ्यासकाने लंडनमध्ये जुन्या मृत्युपत्रांच्या राशी चाळल्या आणि १८८५ साली आपला शोध प्रसिद्ध केला.

काय सापडले त्यांना? रॉबर्ट हार्वर्ड हा साउथवर्कचा खाटीक. १६२५ च्या प्लेगने त्याचा व बहुतेक मुलांचा घास घेतला. उरली पत्नी कॅथरीन आणि जॉन व थॉमस ही दोन मुले. कॅथरीनने पुढे दोनदा पुनर्विवाह केला, त्यामुळे तिचे आडनाव प्रत्येक वेळी बदलले आणि माग हरवला. १६३५ मध्ये ती वारली तेव्हाच्या मृत्युपत्रात मात्र मुलगा जॉन हार्वर्ड याचे नाव होते आणि मागे ठेवलेल्या मालमत्तेत साउथवर्कच्या क्वीन्स हेड या सराईचा समावेश होता. सराईच्या नावाचा धागा धरून पेठ सापडली, पेठेवरून चर्चचे दप्तर सापडले आणि त्यात २९ नोव्हेंबर १६०७ रोजीची जॉनच्या बाप्तिस्म्याची नोंद मिळाली. कॅथरीनचे माहेर शोधता शोधता वाट स्ट्रॅटफर्डला पोहोचली. तेथील दप्तरात १६०५ सालची तिच्या विवाहाची नोंद आहे. आणि तिचे वडील थॉमस रॉजर्स व आई अ‍ॅलिस यांची आद्याक्षरे, १५९४ व १५९५ च्या आगींनंतर बांधलेल्या त्या घराच्या दर्शनी भागावर आहेत. मी बाहेर उभा राहून पाहिली ती हीच अक्षरे.

खाटीक व सराईमालकीण. आपल्या संस्कारांना न रुचणारे हे दोन्ही व्यवसाय. परंतु त्यांच्या मिळकतीतून शिकलेल्या मुलाने आपले ग्रंथ व धन विद्येसाठी दिले. पूर्वजांचा व्यवसाय कोणता होता यावरून लाज वा अभिमान बाळगण्यापेक्षा तो आधी नीट जाणून घ्यावा, हे मी येथे शिकलो. थोर चित्रकार सर टॉमस लॉरेन्स यांचेही तसेच. १८२० मध्ये ते लंडनच्या रॉयल अकादमीचे अध्यक्ष झाले; परंतु त्यांचे वडील सराईचालक होते, प्रथम ब्रिस्टलला व १७७३ पासून डेव्हायझेस गावच्या बेअर या सराईत. कर्जापायी वडिलांना ती सोडावी लागली. लहानग्या टॉमसने तेथे उतरणाऱ्या पाहुण्यांची चित्रे काढली, तीच त्याच्या कीर्तीची सुरुवात. ती सराई आजही उभी आहे.

आपल्या दाराशी

येथवर वाचून कोणी म्हणेल, हे सारे इंग्लंडचे झाले, आपल्याकडे असे काय आहे? आपल्याकडेही पुष्कळ आहे. १८६७ मध्ये हिंदुस्थानात सरायांसाठी कायदा झाला, त्यात सराई चालवणाऱ्याचे नाव व पत्ता नोंदवण्याची तरतूद होती. नगर भूमापन कार्यालयात मिळकत पत्रिका असते. दुय्यम निबंधकाकडे खरेदीखते असतात. १९४८ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखालील, आपण ज्याला गुमास्ता परवाना म्हणत आलो, त्याच्या नोंदी असतात. पुण्याच्या पेशवे दफ्तरात तर मोडी कागदांचे डोंगर आहेत. आणि या सर्वांआधी घरोघरच्या पेढीच्या वह्या आहेत. किंवा असे म्हणू, की होत्या.

आता मला माझा दोष सांगणे प्राप्त आहे. मी बी. कॉम. होऊन दुकानात बसू लागलो, तेव्हा नवेपणाचा उत्साह होता. १९८५ साली दुकानाची डागडुजी काढली. माळ्यावर जुन्या लाल वह्यांची दोन पोती होती, बहुतेक मोडीत लिहिलेली. मला मोडी येत नव्हती, धूळ मात्र दिसत होती. वडील परगावी गेले असताना मी ती पोती रद्दीत घातली. परत आल्यावर वडिलांनी माळ्याकडे पाहिले व एवढेच म्हणाले, "अरे, त्यात आजोबांचे अक्षर होते." पुढे ते त्या विषयावर कधी बोलले नाहीत. इंग्लंडमध्ये १९३१ च्या खानेसुमारीचे कागद डिसेंबर १९४२ मध्ये आगीत भस्मसात झाले. आयर्लंडचे शतकांचे दप्तर १९२२ च्या यादवीत जळाले. ती हानी अपघाताने आणि युद्धाने झाली. माझ्या घरची हानी माझ्या हाताने झाली.

परत आल्यावर मी तिकडची पद्धत येथे चालवून पाहिली. प्रथम वास्तू. दुकानाच्या मिळकत पत्रिकेचा उतारा काढला, तर १९२७ च्या नोंदीत धारक म्हणून दोन नावे निघाली. एक माझे पणजोबा. दुसरे त्यांचे थोरले बंधू, ज्यांचे नाव मी जन्मात ऐकले नव्हते. पुढील फेरफाराने थोरल्यांचे नाव कंसात गेले होते. लहानपणी घरात दबक्या आवाजात एवढेच कानी पडे की, "एक जण पैसे बुडवून देशोधडीला लागला." तो एक जण कोण, हे त्या दिवशी कळले.

दुसरी नोंद आपल्या धर्मशाळेत मिळाली. न्यास पन्नास वर्षांचा असला तरी धर्मशाळेची वास्तू त्याहून जुनी आहे, हे वाचक जाणतातच. तेथील जुन्या मुनीमांनी मुक्कामाच्या नोंदवह्या काटेकोरपणे लिहिल्या व त्यांच्यामागून आलेल्यांनी त्या कपाटात जपल्या. १९३० च्या दशकातील वह्यांत थोरल्या बंधूंचे नाव मला लागोपाठ सहा वर्षे सापडले. सोबत पत्नीचे नाव, गावाचे नाव, कारण 'रथोत्सव', मुक्काम दोन रात्री. धर्मशाळेपासून आमचे दुकान शंभर पावलांवर. स्वतःच्या गावी येऊन, स्वतःच्या पेठेत, सख्ख्या भावाच्या दारावरून जाऊन हा मनुष्य धर्मशाळेत उतरत होता. ते पान वाचताना माझे डोळे भरून आले, हे लिहिण्यास संकोच वाटत नाही.

नोंदवहीत गाव होते, कर्नाटकातील. मी तेथे गेलो. एका जुन्या किराणा दुकानात ऐंशीच्या घरातील एक गृहस्थ बसले होते. मी पणजोबांचे नाव सांगताच ते उठून उभे राहिले व म्हणाले, "या, दादा. आमच्या घरी तुमच्या दुकानाचा कागद आहे." ते थोरल्या बंधूंचे नातू. त्यांनी पत्र्याच्या पेटीतून मोडीतील वाटणीपत्र काढले. पुण्याहून एका मोडी जाणकारांकडून ते वाचून घेतले. दुकानाची इमारत धाकट्याने ठेवावी आणि बाजारातील सर्व देणे थोरल्याने आपल्या अंगावर घ्यावे, असा त्यातील मजकूर निघाला. ज्यांना आम्ही तीन पिढ्या बुडवे म्हणत आलो, त्यांनी आमचे देणे डोक्यावर घेऊन गाव सोडले होते. आमच्या जमेच्या बाजूस जी वास्तू उभी आहे, तिची नावे रक्कम दुसऱ्याच घराच्या खात्यावर पडली होती, आणि ती खतावणी आम्ही कधी उघडूनच पाहिली नव्हती.

तिसरी नोंद संगमरवराची. धर्मशाळेच्या वरच्या मजल्यावर कोपऱ्यातील खोलीच्या दारावर चुन्याने माखलेली एक पाटी होती. ओल्या फडक्याने पुसली, तेव्हा थोरल्या बंधूंच्या पत्नीचे नाव निघाले. तिच्या स्मरणार्थ त्यांनी त्या खोलीसाठी देणगी दिली होती. त्या दारावरून मी असंख्य वेळा गेलो असेन. मिळकत पत्रिका, नोंदवही व वाटणीपत्र जुळले होतेच. या पाटीने शेवटची शाई वाळवली. गेल्या दिवाळीत त्या घरची मंडळी प्रथमच आमच्या दुकानी पूजनास आली.

आपल्या धर्मशाळेच्या नूतनीकरणाचा विचार न्यासापुढे आहे. वास्तू जुनी झाली, गरजा बदलल्या; त्यास विरोध करण्याचा माझा हेतू नाही. विश्वस्त मंडळास व सर्व बंधुभगिनींना नम्र विनंती एवढीच. पहिला हातोडा पडण्यापूर्वी प्रत्येक दारावरील, जिन्यावरील व पाणपोईवरील पाटीचे छायाचित्र घ्यावे व मजकूर उतरवून ठेवावा. मुक्कामाच्या सर्व नोंदवह्यांचे स्कॅनिंग करून मूळ वह्या कोरड्या जागी, नावानिशी जपाव्यात. ज्या मुनीमांनी त्या लिहिल्या त्यांची नावे व कार्यकाळ यांची यादी करावी, कारण त्यांच्या अक्षराशिवाय आपला इतिहास मुका राहिला असता. आणि घरोघरच्या माळ्यांवर जी लाल पोती अजून असतील, ती मोडी येत नाही या कारणाने कोणी रद्दीत घालू नयेत. मोडी वाचणारे आजही मिळतात. पोते गेले तर ते मिळत नाही.

धर्मशाळेच्या पाट्या व नोंदवह्या उतरवून घेण्याच्या कामी दररोज सकाळी दोन तास देण्याची माझी तयारी आहे. १९८५ सालचे देणे माझ्या नावे अद्याप बाकी आहे. ते या रूपाने थोडे फिटले तर समाधान वाटेल.